साखळीवाल्यांनी ओरडायचं नसतं

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी मायलो ब्रँडव्हॉल्डने गॅरेजसमोर साखळी लांबच्या लांब पसरली होती, आणि गुडघ्यांखाली जुनी उशी घेऊन तो एकेक कडी कापडाने पुसत होता. त्याची मुलगी थिआ पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होती. हंगामाच्या आधी दर वर्षी हे चालायचं. कडी वाकलेली नाही ना, टोकाच्या काठ्यांची नारिंगी पट्टी फाटलेली नाही ना, हे बघायचं आणि शेवटी चिमट्याच्या स्प्रिंगला तेलाचा थेंब द्यायचा.

हॅल्डन कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की कडेला ही साखळी धरून गावातली चार माणसं उभी राहत. चेंडू काखेत मारून धावणाऱ्या पोरांना चार खेपांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकली तर आणखी चार खेपा, नाही तर चेंडू समोरच्यांना. ते दहा यार्ड म्हणजे ही साखळी. एका काठीला लव्हर्न, दुसरीला ड्वेन, खेपेचा आकडा दाखवणारा फलक मर्लकडे, आणि चिमटा मायलोकडे. चिमट्याचं काम दिसायला क्षुल्लक. साखळी मैदानावरची पांढरी रेघ जिथे ओलांडते नेमक्या त्या कडीला तो लावायचा, आणि साखळी पुढे सरकली की काढून पुन्हा लावायचा. चेंडू दहा यार्ड गेला की नाही असा वाद पडला तर साखळी उचलून मैदानात न्यायची आणि चिमटा पुन्हा त्याच रेघेवर टेकवायचा. मग काठी जिथे पडेल तो निकाल. मायलो म्हणायचा, साखळी उचलली की तिला काही आठवत नाही, चिमट्याला आठवतं.

"पहिल्या मॅचला येशील?" मायलोने मान वर न करता विचारलं.

"मी कशाला?"

"ये की. पुस्तक घेऊन ये हवं तर, तेव्हासारखं."

थिआने कणसाचे केस ओढून बादलीत टाकले. "बाबा, मला फुटबॉल कधी आवडलाच नाही."

"माहितीये मला," तो म्हणाला. "म्हणून तर विचारतोय."

याचा अर्थ काय, हे ती विचारणारच होती. तेवढ्यात लव्हर्न स्टुट्झमनचा ट्रक अंगणात वळला. त्याला टोमॅटो हवे होते, म्हणजे टोमॅटो निमित्त होतं आणि गप्पा हव्या होत्या. मग कोणाच्या शेतात मका किती उंच आणि कॉलेजचा नवा चेंडूफेक्या किती काटकुळा यावर बोलणं गेलं. "फुंकर मारली तर उडेल," लव्हर्न म्हणाला. मायलो म्हणाला, "उडू दे. दहा यार्ड पुढे उडाला म्हणजे झालं." रात्रीचं जेवण मका, टोमॅटो आणि थंड हॅम. थिआने भांडी घासली, त्याने पुसली.

सकाळी ती मिनिॲपोलिसमधल्या आपल्या घरच्या रस्त्याला लागली. दुपारी तिला कळलं, की मायलो टोमॅटोच्या वाफ्यात खाली बसला तो उठलाच नाही.

अंत्यविधीनंतर गावातल्या, एल्डर क्रीकच्या चर्चच्या तळघरात लोकांनी हॅमचे सँडविच खाल्ले, पातळ कॉफी प्यायली, थिआचे हात हातात घेतले आणि मायलोसारखा शांत माणूस होणे नाही असं सांगितलं. ती मान हलवत राहिली. मनात एकच वाक्य फिरत होतं. म्हणून तर विचारतोय. ज्याला खेळ आवडत नाही त्यालाच कोणी खेळाला बोलावतं का? आणि ती स्वतः जे म्हणाली होती ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं आता कोणाला सांगणार.

ते उरलेलं अर्धं असं होतं. थिआची आई ती लहान असतानाच गेली. शनिवारी पोरीला ठेवायचं कुठे, म्हणून मायलो तिला मैदानावर आणायचा आणि हॅल्डनच्या बाजूच्या बाकांवर, तिसऱ्या ओळीत, लव्हर्नच्या बायकोशेजारी बसवायचा. शेजारी कॉलेजचा बँड, मांडीवर वाचनालयाचं पुस्तक. साखळीवाले उभे राहायचे पलीकडे, पाहुण्या संघाच्या कडेला. मायलो पांढरी बंडी घालून मैदान ओलांडायचा आणि मग संपूर्ण सामनाभर तिच्या अगदी समोर, पण मैदानाच्या रुंदीइतका लांब असायचा. थिआ खेळ बघत नसे. पुस्तकही वाचत नसे. ती त्या पांढऱ्या बंडीकडे बघत बसायची. वाकला, उठला, चार पावलं चालला, पुन्हा वाकला. घरी तो भांडी घासताना किंवा हिशेब करताना असायचा तसाच, पण इथे त्याच्याकडे इतका वेळ कोणी न अडवता बघता यायचं. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याला तर नाहीच.

मंडळी पांगली तेव्हा लव्हर्न आणि मर्ल टोप्या हातात घेऊन तिच्याजवळ आले. लव्हर्नचं आयुष्य गुरांचा चारा विकण्यात गेलं होतं, मर्लचं गावाची डोकी भादरण्यात. लव्हर्नने दोनदा घसा खाकरला. साखळीवाल्यांत एक रीत होती, तो म्हणाला. चौघांतलं कोणी हंगामात किंवा हंगामाच्या तोंडावर गेलं तर जागा लगेच भरायची नाही. हंगाम संपेपर्यंत ती त्याच्या घरच्या माणसाने सांभाळायची. ड्वेनच्या जागी तसा त्याचा बाप येण्याआधी आजोबा...

"उलटं सांगतोयस," मर्ल म्हणाला.

"कसं का असेना. तू नको म्हणालीस तरी चालेल, पोरी. आम्ही चिमटा एखाद्या विद्यार्थ्याला देऊ."

थिआ दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका दुरुस्त करून पोट भरत असे आणि ते काम कुठेही बसून करता येत होतं. शिवाय घर आवरायचंच होतं. ही कारणं तिने त्यांना सांगितली. खरं कारण वेगळं होतं. ती इतकी वर्षं त्याच्याकडे बघत होती, पण तिथे उभं राहून त्याला काय दिसायचं हे तिला माहीत नव्हतं. आणि त्या वाक्याचा अर्थ जर कुठे सापडणार असेल तर तिथेच.

पहिल्या सामन्याआधी लव्हर्नने तिला नियम सांगितले. ओरडायचं नाही. टाळी नाही, उडी नाही, अरेरेसुद्धा नाही. "आपण हॅल्डनचे, पण साखळी कोणाचीच नाही." दुसरं, पाहुण्यांच्या कडेला उभं राहिल्यावर त्यांचे बेत कानावर पडतात. ऐकलेलं तिथेच टाकून यायचं, बायकोलासुद्धा सांगायचं नाही.

"मला बायको नाही," थिआ म्हणाली.

"म्हणजे तुझं काम सोपं," मर्ल म्हणाला.

मायलोची बंडी तिला गुडघ्यांपर्यंत आली. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या सापडल्या, कागदाला चिकटलेल्या. तिने त्या तशाच राहू दिल्या.

तिला वाटलं होतं, इतक्या जवळून खेळ नीट कळेल. कळलं काहीच नाही. समोर चिखलाने भरलेले बूट, पाठी, वाफ आणि दोन बैल एकमेकांवर आदळावेत तसा आवाज. चेंडू कुठे गेला हे तिला बाकांवरच्या ओरडण्यातून समजायचं. "खेळ बघायचा असेल तर तिकीट काढ," मर्ल म्हणाला. "इथे फक्त रेघा दिसतात." मागे पाहुण्या संघाची राखीव पोरं अंगाला मलम चोळत बाकावर बसली होती. त्यांतला एक म्हणाला, "मावशी, ती साखळी जरा आमच्या बाजूला खेच ना." मर्ल वळूनही न बघता म्हणाला, "आधी तू बाकावरून ऊठ, मग साखळी खेचू." पोरं खदखदली.

हॅल्डन तो सामना हरलं. पुढचाही हरलं. कॉलेजला हरायची सवय होती आणि गावाला त्याची. पण काटकुळा चेंडूफेक्या, टोबिन रास्क त्याचं नाव, पडला की लगेच उठायचा आणि चेंडू हातातून गेल्यावर क्षणभर आकाशाकडे बघायचा, जणू तो कुठे उतरतोय याची त्यालाच उत्सुकता. सप्टेंबर संपता संपता त्यांनी एक सामना जिंकला, मग परगावी आणखी एक. न्हाव्याच्या दुकानात लोक आवाज खाली आणून बोलायला लागले, आशेला दृष्ट लागेल म्हणून. थिआला वाकायचं, चिमटा लावायचा, उठायचं, चालायचं, हे अंगवळणी पडलं. आणि एक दिवस, दोन खेपांच्या मधल्या रिकाम्या वेळात, तिने मान वर केली.

समोर हॅल्डनची सगळी बाकं होती. ती तिथे आहेत हे काही नवं नव्हतं, पण ती किती स्वच्छ दिसतात हे नवं होतं. औषधांच्या दुकानातला माणूस जांभई देत होता. बँडमधली एक मुलगी झिलईदार तुतारीत स्वतःचे दात बघत होती. तिसऱ्या ओळीत लव्हर्नची बायको आयोनी विणत होती, आणि लोकर निळी होती हेसुद्धा इथून दिसत होतं. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. साखळीवाल्याच्या डोळ्यांसमोर खेळ येत नाही, तिथून नीट दिसतात ती समोरची माणसं. हे लहानपणी तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. बघणारी ती एकटीच आहे असं ती धरून चालली होती.

"चिमटा," लव्हर्न हळूच म्हणाला. तिने वाकून चिमटा लावला.

त्या दिवसापासून तिला वेगळाच छंद लागला. कुठल्या रेघेवरून तिसरी ओळ किती दिसते, पावसात दिसते का, ऊन डोळ्यांवर आलं की काय होतं, हे ती पडताळून बघू लागली. पुस्तकांच्या बाबतीत ती अशीच होती. एखाद्या वाक्याचा अर्थ लागेना तर आधीची पानं उलटून उलटून बघायची. सगळीकडून दिसत होतं. फक्त दिसणं आणि बघणं यांत अंतर असतं, आणि मायलो कोणत्या बाजूचा होता हे तिला कोण सांगणार? जन्मभर त्याने जिंकल्यावर टोपी उडवली नाही आणि हरल्यावर दार आपटलं नाही. तिला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा म्हणाला होता, "बरं झालं." तिचं लग्न मोडलं तेव्हा म्हणाला, "घरी ये थोडे दिवस." ते मोजमाप करणाऱ्याचं बोलणं होतं. आत काय चालायचं, हे तिला खरोखर ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरातल्या सामन्याला बारीक पाऊस होता. हॅल्डन थोड्या फरकाने मागे होतं आणि टोबिन रास्कची पोरं चेंडू घेऊन हळूहळू पुढे सरकत होती. आयोनीने त्या दिवशी नातीला आणलं होतं. थिआ बघत असतानाच ती चिमुरडी उठली आणि एकटीच पायऱ्या उतरून बाकांच्या मागे दिसेनाशी झाली. आयोनी विणतच होती. थिआची नजर पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन थांबली. साखळी पुढे गेली, तीही तिच्याबरोबर चालली, पण डोळे तिकडेच. पोरगी परत आली तेव्हा हातात मक्याच्या लाह्यांची पिशवी होती. थिआने श्वास सोडला, आणि त्याच वेळी पंचाने शिट्टी फुंकून हात वर केला. मोजायचं होतं.

लव्हर्न आणि ड्वेनने काठ्या उचलल्या. पंच चिमट्यापाशी वाकला, रेघेकडे बघितलं, पुन्हा चिमट्याकडे.

"हा मागच्या वेळचा आहे," तो म्हणाला.

साखळी उचललेली होती. ती कुठे होती हे आता कोणालाच आठवत नव्हतं. पंचाने अंदाजाने काठी टेकवली आणि चेंडू चार बोटं कमी पडला. कदाचित खरंच कमी पडला असेल. कदाचित नसेल. चेंडू पाहुण्यांना गेला आणि त्याबरोबर सामनाही. बाकांवरून कोणीतरी ओरडलं, ती साखळी आहे की माळ? पाहुण्यांच्या राखीव पोरांपैकी एकाने तिला वाकून नमस्कार केला. टोबिन रास्क तिच्याजवळून गेला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "होतं असं, मॅडम." त्याने शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

सामन्यानंतर साखळीवाले पाहुण्यांच्या बाकांखाली बसले. लव्हर्नने आयोनीच्या शेंगदाण्याच्या लोण्याच्या वड्यांचा डबा उघडला आणि पहिली वडी थिआला दिली. तिने जागा सोडायची तयारी दाखवली. तिघांनीही ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

"मायलोचाही एकदा चुकला होता," लव्हर्न म्हणाला.

"बाबाचा? चिमटा?"

"एकदाच. कार्डवेलबरोबरची मॅच होती, बर्फ पडलं ते साल. मोजायला गेलो तर चिमटा भलतीकडेच. आणि हा तिकडे समोरच्या बाकांकडे बघतोय, हरवलेलं वासरू शोधावं तसा. पंचाने हाका मारल्या तरी शुद्ध नाही. नंतर विचारलं तर म्हणे, डोळ्यांत बर्फ गेलं."

"बर्फ," मर्ल म्हणाला. "त्याच्या टोपीला डोळ्यांवर ही एवढी कड होती."

थिआने वडी हातातच धरून ठेवली. ते साल तिला आठवत होतं. बँडवाल्यांनी तुबा, ते रुंद तोंडाचे मोठे भोंगे, बाकांमागे ठेवले होते आणि त्यांच्या तोंडांत बर्फ भरत होतं. ती आणि आणखी एक मुलगी ते ओंजळीने काढून खात कितीतरी वेळ तिथे बसल्या होत्या. परत येऊन ती जागेवर बसली तेव्हा आयोनीला पत्ताही नव्हता. घरी जाताना ट्रकमध्ये मायलो काही बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात त्याने तिच्यासाठी टोपी आणली, शिकारी घालतात तसली, डोळ्यांत खुपणारी नारिंगी. तिने खूप कुरकुर केली होती. हरणांना मारायला चालले आहे असं वाटेल, म्हणाली होती. तो म्हणाला होता, "ऊब आहे तिला." मग पुढचे किती शनिवार ती त्या टोपीत बसली, रागाने.

"काय झालं?" लव्हर्नने विचारलं.

"काही नाही. वडी छान आहे."

पण आता तिला स्वस्थ बसवेना. रविवारी चर्च सुटल्यावर ती आयोनीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. आयोनीने भोपळ्याचा गोड केक कापला आणि तिच्यापुढे ठेवला. थिआने आडवळणाने विचारलं, मी तिथे बसायचे तेव्हा बाबा कधी माझ्याबद्दल काही विचारायचा का?

"विचारायचं काय? मीच सांगायचे," आयोनी म्हणाली. "तू मोठी नाटकी होतीस गं. मांडीवर एवढं जाड पुस्तक, आणि पहिला हाफ संपला तरी तेच पान."

थिआने काटा खाली ठेवला. "तुम्हाला कळायचं?"

"मी शेजारी बसायचे, आंधळी नव्हते. कुठे बघतेस तेही कळायचं. एकदा मी मायलोला म्हटलं, तुझी पोर पान उलटत नाही, सगळा वेळ तुझ्यावर पहारा करते." आयोनीने स्वतःसाठी लहानसा तुकडा कापला, मग विचार बदलून मोठा. "तर म्हणाला, माहितीये. म्हणाला, तिला कळू देऊ नकोस हं, नाहीतर उगाच पानं उलटत बसेल."

खिडकीबाहेर लव्हर्न पानं गोळा करत होता. थिआ त्याच्याकडे बघत राहिली, डोळे भरेपर्यंत. आयोनीने तिची बशी पुढे सरकवली. "खा. त्यावर मीठ पडू देऊ नकोस, गोड आहे ते."

म्हणून तर विचारतोय. वाक्य काही अवघड नव्हतं. त्याने खेळाला बोलावलंच नव्हतं. आणि तिने नकार दिला होता तो खेळाला. तो कणसं सोलता सोलता उत्तर देण्याइतका साधा प्रश्न होता, आणि तिच्याकडे त्याचं उत्तर होतं, लहानपणापासून तयार. फक्त ते ज्याला द्यायचं तो आता नव्हता.

नोव्हेंबरात शेवटचा सामना कार्डवेलशी. या दोन कॉलेजांत जुनं वैर आहे, आणि त्याचं बक्षीस म्हणजे पोचे आलेला एक दुधाचा कॅन. जिंकणाऱ्याने तो वर्षभर काचेच्या कपाटात ठेवायचा. कित्येक वर्षं तो कार्डवेलकडेच होता. हॅल्डनचे आता जितके विजय तितकेच पराभव झाले होते, म्हणजे हा सामना जिंकला तर बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा पारडं जड झालं असतं. कार्डवेलची पोरं साखळीवाल्यांना चिडवत होती, कॅन आणलाय, पण धुवून नाही. मर्ल म्हणाला, "आमच्याकडे गाई आहेत, बाळांनो. आम्ही धुवून घेऊ."

थंडी कडक होती. थिआच्या डोक्यावर नारिंगी टोपी होती. ती माळ्यावरच्या पेटीत सापडली होती आणि कशीबशी बसत होती. लव्हर्नने ती बघितली आणि आपली काठी उचलली.

सामना संपत आला तेव्हा हॅल्डन पुढे होतं, अगदी थोडं. चेंडू कार्डवेलकडे, चारांतली शेवटची खेप. त्यांचा धावणारा डोकं खाली घालून माणसांच्या ढिगात घुसला आणि ढीग कोसळला. पंचांनी एकेकाला उचलून बाजूला काढलं. तळाशी चेंडू होता. पंचाने हात वर केला.

या वेळी चिमटा जागेवर होता. थिआने तो स्वतः लावला होता, वाकून, रेघेच्या नेमक्या कडेला, आणि दोनदा बघितला होता. ती साखळीबरोबर मैदानाच्या मधोमध चालत गेली. समोरची सगळी बाकं उभी होती आणि इतकी गप्प, की कड्यांची किणकिण ऐकू येत होती. चालताना तिच्या लक्षात आलं, की हॅल्डनने जिंकावं असं तिला किती वाटतंय. टोबिन रास्क कडेला गुडघ्यांवर बसला होता. एक कडी, फक्त एक कडी इकडची तिकडे असती तरी पुरलं असतं, आणि कोणाला कधी कळलंही नसतं. तिने चिमटा रेघेवर टेकवला आणि धरून ठेवला. बाबा असाच धरून राहायचा, तिला वाटलं. त्याला काही वाटत नव्हतं असं नाही. हात हलू द्यायचा नव्हता.

ड्वेनने काठी ताणली. चेंडूचं नाक काठीच्या पुढे होतं, बोटभर.

कार्डवेलच्या पोरांनी तिच्या कानाशी आरोळी ठोकली. थोड्याच वेळात त्यांनी गुण घेतले, घड्याळ थांबलं आणि पोचे आलेला कॅन पुन्हा त्यांच्या बसमध्ये चढला. जाता जाता कार्डवेलच्या एका धिप्पाड पोराने मर्लला म्हटलं, "काका, गाईंना सांगा, पुढच्या वर्षी." मर्लने त्याच्याशी हात मिळवला.

बाकं रिकामी झाली. बँडवाल्यांनी वाद्यं डब्यांत घातली, आयोनीने लोकर गुंडाळली आणि ती गाडीत जाऊन बसली. साखळीवाल्यांनी मात्र साखळी गुंडाळली नाही. ती मैदानाच्या मध्यावर टाकून तिघंही तिच्याभोवती उभे राहिले.

"आता आपली पाळी," लव्हर्न म्हणाला.

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. हंगामभर ओरडायचं नाही, म्हणून शेवटच्या सामन्यानंतर, मैदान रिकामं झालं की, प्रत्येक साखळीवाल्याने मध्यावर उभं राहून एकदा मनात अडकलेलं सगळं बोलून टाकायचं. ऐकायला बाकं, आणि फार तर चिमण्या. जे बोललं ते पुढच्या हंगामात आणायचं नाही.

ड्वेन, जो आठवड्यात चार वाक्यं बोलायचा, त्याने एका पंचाच्या दृष्टीबद्दल, चष्म्याबद्दल आणि आजोळाबद्दल जे काही सांगितलं ते ऐकून थिआचे डोळे विस्फारले. मर्लने हात पसरून "पळ, टोबिन, पळ!" असं इतक्या मोठ्याने म्हटलं की आवाज समोरच्या बाकांवर आपटून परत आला. लव्हर्नने टोपी काढली, नुसतंच "मायलो, लेका, टोमॅटो घ्यायला आता कुठे जाऊ?" म्हणाला आणि टोपी घातली.

"बाबा काय म्हणायचा?" थिआने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"ट्रॉम्बोन," मर्ल म्हणाला. "दर वर्षी तेच. इथे उभा राहून छाती भरून घ्यायचा आणि म्हणायचा, बँडमधले ट्रॉम्बोनवाले बेसूर आहेत, कोणीतरी सांगा रे त्यांना."

"एवढंच?"

"एवढंच. सगळ्या गावाला पटेल असं."

थिआ हसली. ऑगस्टपासून ती अशी हसली नव्हती, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग ते तिघे मागे सरकले, आपल्या नेहमीच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि मध्यावर ती एकटी उरली.

ती बाकांकडे तोंड करून उभी होती. तिसरी ओळ, बँडशेजारची जागा, नीट दिसत होती. ती सावकाश वळली. आता समोर पाहुण्यांची कड होती, जिथे ती लहानपणापासून बघत आली होती, आणि तिथे तीन म्हातारे आणि चौथ्याची जागा होती. तिने नारिंगी टोपी कानांवर ओढली. मोठ्याने ओरडायचं असं तिने ठरवलं होतं, पण आवाज आला तो घरातला, पायरीवर बसून बोलावं तसा.

"बाबा, मला फुटबॉल कधी आवडलाच नाही," ती म्हणाली. "मी तुला बघायला यायचे."